पोर्ट ऑफ स्पेनमध्ये कुठे जेवावे, आणि केव्हा?

अनवट वाट

नमस्कार. कार्यालयाच्या कामानिमित्त येत्या जानेवारीपासून दोन महिने मला त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन येथे राहावे लागणार आहे. पहिले तीन आठवडे माझी आईही सोबत असेल. ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. मला मासे आणि मटण दोन्ही चालते. राहण्याची सोय वूडब्रुक या भागात झाली आहे, परंतु तेथील स्वयंपाकघर अगदी नावापुरते असल्यामुळे दोन्ही वेळचे जेवण बहुतांशी बाहेरच घ्यावे लागेल.

प्रवासाच्या संकेतस्थळांवर याद्या पुष्कळ सापडल्या. त्यांतली बहुतेक नावे मोठ्या हॉटेलांतल्या उपाहारगृहांची आहेत, आणि तसे जेवण मला पुण्यातही मिळते. त्या शहरातली माणसे रोज जे खातात ते मला खायचे आहे. तिथे राहिलेल्या किंवा जाऊन आलेल्या सदस्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. आईची सोय कशी होईल आणि संध्याकाळनंतर आम्ही दोघींनी कुठे जावे, कुठे जाऊ नये, हेही कळले तर फार बरे होईल.

गलबत

मी जहाज वाहतुकीच्या नोकरीत सात वर्षे पोर्ट ऑफ स्पेनमध्ये होतो, आणि त्या सात वर्षांत घरी फार कमी जेवलो. तुमच्या प्रश्नातला 'कुठे' हा शब्द मी आधी 'केव्हा' असा बदलून घेतो, कारण त्या शहरात उत्तम अन्न ठरावीक जागेपेक्षा ठरावीक वेळेला मिळते. सकाळी सहाला ज्या कोपऱ्यावर तीस माणसे रांगेत उभी असतात, तिथे दहा वाजता गाडीही नसते. दुपारी दोननंतर रोटीच्या दुकानात गेलात तर भोपळा संपलेला असतो, आणि चारला दुकानच बंद झालेले असते. हे वेळापत्रक एकदा अंगवळणी पडले की जेवणाची चिंता उरत नाही.

सकाळपासून सुरू करतो. त्रिनिदादचा सकाळचा पदार्थ म्हणजे डबल्स. मैद्यात हळद आणि यीस्ट घालून सैलसर भिजवलेल्या पिठाच्या छोट्या, मऊ पुऱ्या तळतात. त्यांना तिथे 'बारा' म्हणतात. अशा दोन बारांवर रस्सा असलेले छोले घालतात आणि वरून चिंचेची चटणी, काकडीचा कीस, कुचेला व तिखट. दोन बारा असतात म्हणून नाव डबल्स. कुचेला म्हणजे कैरीचा कीस वाळवून मोहरीच्या तेलात मुरवलेले लोणचे. १९३०च्या दशकात बेटाच्या दक्षिणेकडील प्रिन्सेस टाउन येथे दीन कुटुंबाने हा पदार्थ विकायला सुरुवात केली, असे तिथे सर्वत्र सांगितले जाते. आज तो हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, आफ्रिकी वंशाचे, भारतीय वंशाचे, सगळ्यांचा आहे. सूट घातलेला बँकेचा अधिकारी आणि गोदीतला हमाल एकाच गाडीपाशी उभे राहून, पातळ कागदावर तोच पदार्थ बोटांनी खातात. पहिले संपले की विक्रेता विचारल्यावाचून दुसरे पुढे करतो, आणि पैसे शेवटी, आपण किती खाल्ले ते आपणच सांगून द्यायचे असतात. माझ्या सात वर्षांत त्या हिशेबावरून वाद झालेला मी पाहिला नाही.

सकाळचा दुसरा पर्याय साधी रोटी आणि चोखा. 'सादा रोटी' ही आपल्या जाडसर फुलक्यासारखी, तव्यावर भाजून फुगवलेली असते. चोखा म्हणजे सरळ भरीत: वांग्याचा, टोमॅटोचा किंवा भाजलेल्या खोबऱ्याचा. विस्तवावर भाजलेली फळभाजी ठेचायची, तीत लसूण आणि कांदा घालायचा आणि वरून कडकडीत तेल ओतायचे. या तेल ओतण्याला तिथे 'चुंके' म्हणतात, म्हणजे छौंक. तुमच्या आईंना पहिल्याच सकाळी हे द्या.

दुपार रोटीच्या दुकानांची. इथे रोटी म्हणजे पूर्ण जेवण. प्रथम पोळी निवडायची. 'दालपुरी' ही बनावटीने आपल्या पुरणपोळीची बहीण आहे, फक्त पुरण गोड नसते. वाटाण्याच्या डाळीचे, भाजलेल्या जिऱ्याचे आणि लसणीचे कोरडे पुरण असते. दुसरी पोळी म्हणजे तेला-तुपाच्या पदरांचा पराठा, जो तव्यावर असतानाच लाकडी उलथन्यांनी झोडपून त्याच्या चिंध्या करतात. फाटक्या सदऱ्यासारखा दिसतो म्हणून त्याचे नाव 'बस-अप-शट'. पोळी ठरली की आत काय हवे ते सांगायचे: बटाटा-छोले, भोपळा, चवळीच्या शेंगा, कैरी, बकऱ्याचे मटण, कोंबडी, कोळंबी. ट्रॅगरेट रोडवरील पत्राज हे जुने आणि नावाजलेले दुकान तुमच्या राहण्याच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल. साडेअकराला जा.

एका दुपारी मात्र रोटी सोडून राइटसन रोडवर, समुद्राच्या काठी असलेल्या ब्रेकफास्ट शेडमध्ये जाच. ऑड्री जेफर्स या समाजसेविकेने १९२१ साली स्त्रियांची 'कोटेरी ऑफ सोशल वर्कर्स' ही संस्था काढली, आणि १९२६ मध्ये या संस्थेने शहरातल्या गरीब मुलांना शाळेच्या वेळी पोटभर अन्न मिळावे म्हणून जे भोजनगृह सुरू केले, त्याचा हा वारसा आहे. आज एका मोठ्या छपराखाली ओळीने काउंटर आहेत आणि प्रत्येक काउंटर एकेका बाईचा आहे. सकाळी नारळ घातलेला बेक, म्हणजे जाडजूड भाजलेली भाकरी, आणि खारवलेला मासा. दुपारी भात, राजमा, अळूच्या पानांचे कॅलालू, 'मॅकरोनी पाय' म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, तळलेला किंवा शिजवलेला मासा, आणि 'प्रोव्हिजन्स' म्हणजे उकडलेले सुरण-रताळ्यासारखे कंद व कच्ची केळी. बाई ताट वाढताना विचारते, ते प्रेमाने विचारते, आणि कमी वाढा म्हटले तर तिला वाईट वाटते.

संध्याकाळ आणि रात्र यांविषयी वेगळे लिहितो. आता जेवायला उठतो.

पाटावरवंटा

गलबत, फार सुरेख माहिती. मी तिथे दहाच दिवस होते, परंतु त्या दहा दिवसांत मला सर्वांत जास्त आनंद झाला तो अळूची पाने पाहून. शार्लट स्ट्रीटवर रस्त्याकडेला भाजीवाले बसतात, तिथे अळूच्या जुड्या रचलेल्या होत्या. तिथे त्याला 'डॅशीन बुश' म्हणतात. कॅलालू म्हणजे तीच पाने भेंडी, भोपळा, नारळाचे दूध आणि एक बिनतिखट पण सुगंधी मिरची घालून शिजवून घोटलेली. पहिला घास घेतल्यावर मी क्षणभर थांबले, कारण तो घास आमच्या घरच्या अळूच्या फदफद्याच्या इतका जवळ होता की चिंच-गूळ तेवढा राहून गेला आहे असे वाटले. कॅलालू हा मुळात आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या स्वयंपाकातला पदार्थ, आणि रविवारच्या जेवणात तो घरोघरी असतो.

त्याच पानांचा दुसरा पदार्थ म्हणजे सहीना. डाळीच्या पिठात पाने घालून किंवा पानांना पीठ लावून, गुंडाळून तळतात आणि चिंचेच्या किंवा कैरीच्या चटणीबरोबर देतात. ही अळूवडीच आहे, असे मी तिथल्या विक्रेतीला सांगितले, तेव्हा तिने माझ्याकडून कृती लिहून घेतली. आपण तीळ आणि खोबरे घालतो याचे तिला नवल वाटले. डबल्सच्या गाडीवर सहीना, फुलोरी, आलू पाय आणि बैगनी हे सगळे बहुधा एकत्र मिळतात. फुलोरी म्हणजे हळद घातलेली छोटी, गोल भजी.

आणखी एक: सगळ्या चटण्यांत आणि रश्शांत एक वास सतत येत राहतो. तो शाडो बेनी या लांबट, दातेरी पानांचा. वास कोथिंबिरीचा, पण कितीतरी उग्र. तिथले भारतीय वंशाचे लोक त्याला 'बंधनिया' असेही म्हणतात.

चांदणवेल

मी सध्या सेंट ऑगस्टीन येथे विद्यापीठात आहे, त्यामुळे राजधानीत वरचेवर येणे होते. अनवट वाट, तुमच्या आईंसाठी काही गोष्टी आधीच सांगून ठेवते, कारण 'तिथे भारतीय लोक पुष्कळ, म्हणजे शाकाहारी जेवण सहज मिळेल' हे अर्धेच खरे आहे.

डबल्स, सहीना, फुलोरी, सादा रोटी आणि चोखा यांत मांस, मासे किंवा अंडे नसते. ते निर्धास्त खावे. रोटीच्या दुकानात भाज्या वेगळ्या शिजवलेल्या असतात, तरी एकच पळी सगळ्या भांड्यांत फिरत नाही ना, हे पाहावे आणि सरळ विचारावे. कुणाला राग येत नाही. खरी काळजी घ्यायची ती क्रिओल, म्हणजे मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या पद्धतीच्या जेवणात. कॅलालूत बरेचदा खेकडा किंवा खारवलेली डुकराची शेपटी घालतात. राजम्यातही ती असू शकते, आणि शिजून विरघळल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. मॅकरोनी पायमध्ये अंडे असते. तेव्हा ब्रेकफास्ट शेडमध्ये गेलात तर 'यात मांस आहे का' असे न विचारता 'यात शेपटी किंवा खेकडा आहे का' असे नाव घेऊन विचारा, कारण चवीपुरत्या घातलेल्या तुकड्याला तिथे मांस म्हणून कुणी मोजत नाही. रास्ताफारी या धर्मपंथाच्या लोकांची 'आयटल' जेवणाची दुकाने असतात, तिथे मांस नसते आणि मीठही पुष्कळदा नसते.

एका बाबतीत मी गलबत यांच्याशी सहमत नाही. ते दालपुरी आणि बस-अप-शट यांतून एक निवडा, असे सुचवतात. माझ्या मते गुंडाळून खायची ती दालपुरीच, कारण तिचे कोरडे पुरण रस्सा शोषून घेते. बस-अप-शट ताटात घेऊन, हाताने, बाजूला भाज्या मांडून खावी. ती कागदात गुंडाळली की तिचे पदर ओलसर होऊन जातात.

येथील भारतीयांच्या स्वयंपाकातले शब्द पाहिले तर त्यांचा इतिहास दिसतो. ३० मे १८४५ रोजी फतेल रझाक हे जहाज मजुरांना घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागले, आणि १९१७ पर्यंत सुमारे १,४४,००० माणसे अशीच करारावर आली. बहुतेक जण कलकत्त्याहून निघालेले, भोजपुरी आणि अवधी मुलखातले. म्हणून इथे भाजीला 'तलकारी', पालेभाजीला 'भाजी' आणि कारल्याला 'करैली' म्हणतात. महाराष्ट्रातून इथे आलेले लोक नगण्य, त्यामुळे मराठी पदार्थ शोधू नयेत, पण मराठी जिभेला परके वाटेल असेही फार थोडे आहे. पेलाव या भाताचेच पाहा. साखर जाळून तिच्यात कोंबडी परततात आणि मग तांदूळ व तुरीचे ओले दाणे घालून शिजवतात. विदर्भात थंडीत तुरीच्या सोल्यांची आमटी करतात, तेच हे दाणे. शाकाहारी पेलावही करून देतात, पण आधी सांगावे लागते.

तिसरी स्लिप

या विषयावर मला थोडे निराळे लिहायचे आहे. पोर्ट ऑफ स्पेन हे नाव आमच्या घरात जेवणाआधी क्रिकेटमुळे आले. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने क्वीन्स पार्क ओव्हलवर वेस्ट इंडीजला सात गडी राखून हरवले. वेस्ट इंडीजविरुद्धचा भारताचा तो पहिला कसोटी विजय. सुनील गावसकरांची ती पहिली कसोटी, त्यांनी ६५ आणि नाबाद ६७ धावा केल्या, आणि मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी शतक केले. माझे वडील तो सामना रेडिओवर ऐकल्याचे सांगत. म्हणून २००७ च्या विश्वचषकासाठी मी तिथे गेलो. भारत त्याच मैदानावर बांगलादेश आणि श्रीलंका यांच्याकडून हरून बाहेर पडला, आणि माझ्याकडे परतीच्या विमानापर्यंत मोकळे दिवस उरले. ते मी खाण्यात घालवले.

ओव्हल ट्रॅगरेट रोडवरच आहे, त्यामुळे सामना असो वा नसो, त्या रस्त्यावर दुपारी रोटीचा वास दरवळतो. श्रीलंकेविरुद्धच्या पराभवानंतर एका दुकानातल्या वयस्क बाईंनी मी भारतातून आलो आहे हे ऐकून माझ्या रोटीत बटाट्याची जास्त भाजी घातली आणि 'ईट, सन' एवढेच म्हणाल्या. मला ते आजही आठवते.

आता तिखटाविषयी एक कळकळीची सूचना. आपण कोल्हापूरचे किंवा नागपूरचे आहोत हा अभिमान तिथे बाजूला ठेवावा. डबल्स घेताना विक्रेता 'पेपर?' असे विचारतो. उत्तर 'स्लाइट' असे द्यावे, म्हणजे अगदी किंचित. मी पहिल्या दिवशी भरपूर घाला म्हणालो आणि पुढचा तासभर रस्त्याच्या कडेला नारळपाणी पीत बसलो. त्रिनिदादच्या मोरुगा स्कॉर्पियन या मिरचीला २०१२ मध्ये न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठाच्या मिरची संस्थेने जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवले होते. गाडीवर हीच मिरची असते असे नव्हे, पण जी असते तीही त्याच कुळातली. आपले तिखट जिभेवर लागते; ते थोड्या वेळाने घशात सुरू होते आणि वाढत जाते.

माडबन

माशांविषयी कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. शहराच्या उत्तरेला डोंगर ओलांडला की माराकस खाडीचा किनारा लागतो. शहरातून मोटारीने साधारण पाऊण तास. हा घाटरस्ता दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, अमेरिकी सैन्याने बांधला, कारण त्यांनी नाविक तळासाठी शाग्वारामास हा भाग घेतल्यामुळे राजधानीतल्या लोकांचे समुद्रस्नानाचे किनारे बंद झाले होते. किनाऱ्यावर 'बेक अँड शार्क' विकणारी दुकाने आहेत, त्यांत रिचर्ड्स हे सर्वांत प्रसिद्ध. तळलेल्या फुगीर बेकमध्ये मुशीचा मसालेदार, कुरकुरीत तुकडा घालतात. पुढे लांब टेबलावर चिंच, लसूण, शाडो बेनी, अननस, कोबी असे मांडलेले असते, ते आपल्या हाताने घालून घ्यायचे. रविवारी गर्दी फार, म्हणून मधल्या वाराला जावे.

मी मालवणचा, लहानपणापासून मोरीचे, म्हणजे मुशीचेच, मटण खाल्लेले आहे, तरीही माझे मत असे की तिथे मुशी मागू नये. मुशी उशिरा वयात येते आणि थोडीच पिल्ले देते. जगभर तिची संख्या घटली आहे. त्याच दुकानांत सुरमईच्या कुळातला किंगफिश किंवा कोळंबी घातलेला बेक मिळतो, आणि चवीला तो कमी नाही, उलट मला अधिक आवडला. तुमच्या आईंनाही तिथे उपाशी राहावे लागणार नाही: भाज्या आणि चटण्या घातलेला रिकामा बेक मागितला तर देतात.

शहरात सकाळच्या वेळी 'बुलजोल' जरूर खा. खारवलेला मासा उकळून, काटे काढून, कुस्करून, त्यात टोमॅटो, कांदा, मिरची आणि तेल घालतात. आमच्याकडे भाजलेल्या सुक्या माशाची किसमूर करतात. तिला खोबऱ्याऐवजी टोमॅटो मिळाला असता तर ती अशी झाली असती.

अनवट वाट

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीने कुणी लिहील असे वाटले नव्हते. गलबत, संध्याकाळ आणि रात्र यांविषयी लिहायचे राहिले आहे. आम्ही दोघीच असू, तेव्हा कृपया स्पष्ट लिहावे.

गलबत

उशीर झाला, क्षमस्व. आधी चांदणवेल यांचे म्हणणे मान्य करतो: बस-अप-शट ताटातच चांगली.

स्पष्टच लिहितो. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये गुन्हेगारी हा गंभीर विषय आहे आणि तिथले लोकही त्याबाबत सावध असतात. इंडिपेंडन्स स्क्वेअर, फ्रेडरिक स्ट्रीट आणि शार्लट स्ट्रीट हा बाजारपेठेचा भाग दिवसा गजबजलेला असतो, परंतु कार्यालये सुटली की तो झपाट्याने रिकामा होतो. अंधार पडल्यावर तिकडे जेवणासाठी जाऊ नये. भाड्याच्या मोटारींच्या क्रमांकाची सुरुवात 'एच' या अक्षराने होते. तसा क्रमांक नसलेल्या गाडीत बसू नये. रात्री तर ओळखीचा चालक किंवा हॉटेलने, घरमालकाने बोलावून दिलेली गाडीच वापरावी.

तुम्ही वूडब्रुकमध्ये आहात हे सुदैव. ॲरिएपिटा ॲव्हेन्यू हा उपाहारगृहांचा रस्ता त्याच भागात आहे आणि शुक्रवारी, शनिवारी रात्री उशिरापर्यंत माणसांनी भरलेला असतो. टेबलावर बसून जेवायचे असेल तर तिथे. बिलात साडेबारा टक्के मूल्यवर्धित कर आणि बरेचदा दहा टक्के सेवाशुल्क वेगळे लागते, तेव्हा मेनूतला आकडा अंतिम समजू नये. त्या रस्त्याविषयी मला एवढेच सांगायचे आहे. तिथले अन्न चांगले असते, पण त्यासाठी मी कुणाला त्रिनिदादला जा असे म्हणणार नाही.

संध्याकाळी क्वीन्स पार्क सव्हानावर जा. सुमारे २६० एकरांचे हे मैदान म्हणजे शहराचे अंगण आहे. पश्चिमेच्या बाजूला विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे सात भव्य वाडे ओळीने उभे आहेत. मैदानाच्या कडेने संध्याकाळी खाण्याच्या गाड्या लागतात: नारळपाणी, भाजलेली कणसे, वाटाण्याच्या डाळीत कणसाचे तुकडे शिजवलेले दाट 'कॉर्न सूप', फळांचे 'चाऊ'. चाऊ म्हणजे कच्चा आंबा किंवा अननस मीठ, लसूण, शाडो बेनी आणि मिरची लावून मुरवलेला. अंबाड्याचे चाऊही मिळते; तिथे त्या फळाला 'पोमसिते' म्हणतात. कॉर्न सूपातही शेपटी असू शकते, तेव्हा आईंसाठी विचारून घ्या. कच्चे कालव विकतात, ते मात्र मी टाळत असे.

रात्रीचे खाणे वेस्टर्न मेन रोडवर, सेंट जेम्स भागात. शहरातले लोक म्हणतात की सेंट जेम्स झोपत नाही. वूडब्रुकला लागूनच आहे. रात्री अकरालाही रोटी, डबल्स, भाजलेली कोंबडी, शोर्मासारखे 'जायरो' मिळते, आणि अलीकडच्या वर्षांत व्हेनेझुएलाहून आलेल्या लोकांनी मक्याच्या पिठाच्या अरेपाही आणल्या आहेत. हा भाग एकेकाळी उसाच्या मळ्यांचा होता आणि करारावर आलेले मजूर इथे राहिले. त्यामुळे मुख्य रस्त्याला फुटणाऱ्या गल्ल्यांची नावे पाहून तुम्हाला गंमत वाटेल: कलकत्ता, मद्रास, लखनौ, पाटणा, आणि बॉम्बे स्ट्रीटसुद्धा. मी पहिल्यांदा ती पाटी पाहिली तेव्हा दादरच्या घरी फोन केला होता.

दोन सूचना राहिल्या. रविवारी शहरातली रोटीची बहुतेक दुकाने बंद असतात. शनिवारी तजवीज करून ठेवावी. आणि तुमच्या दोन महिन्यांत कार्निव्हल येईल. ॲश वेन्सडेच्या, म्हणजे ख्रिस्ती उपवासाचा काळ सुरू होतो त्या बुधवारच्या, आधीचा सोमवार आणि मंगळवार या दोन दिवसांत नेहमीची दुकाने उघडतील असे धरू नये, रस्त्यावरच्या गाड्यांवर भागवावे लागेल.

चांदणवेल

पेयांविषयी थोडे. जानेवारीत सॉरेल अजून मिळेल. नाताळाचे हे लाल, आंबटगोड सरबत आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचे, लवंग आणि दालचिनी घालून केलेले. मॉबी हे झाडाच्या सालीचे, कडवट. पहिल्या दिवशी आवडत नाही, पाचव्या दिवशी त्याच्यावाचून जेवण अपुरे वाटते.

अनवट वाट

मागच्या आठवड्यात परत आले. ज्यांनी एवढे लिहिले त्यांना पुढे काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

आई पहिल्या दिवशी साशंक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सेंट जेम्समध्ये सादा रोटी आणि वांग्याचा चोखा घेतला, आणि तिने तिथल्या बाईंना हातानेच विचारले की वांगे गॅसवर भाजले की निखाऱ्यावर. त्या बाईंना मराठी येत नव्हते, आईला इंग्रजी बेताचे, तरी पाच मिनिटांत दोघी लसणीच्या प्रमाणावर बोलू लागल्या. त्यानंतर तीन आठवडे रोजची सकाळ तिथेच गेली.

डबल्स आईने 'स्लाइट' मागितले, मी धाडस करून थोडे जास्त. तिसरी स्लिप यांचे म्हणणे मला पटले. ब्रेकफास्ट शेडमध्ये चांदणवेल यांनी सांगितल्याप्रमाणे शेपटीचे नाव घेऊन विचारले. पहिल्या दोन काउंटरांवर कॅलालूत खेकडा होता. तिसऱ्या बाई म्हणाल्या की आज नाही, पण उद्या घालणार आहेत, तेव्हा आजच खा. आईने दोनदा मागून घेतला. एका ठिकाणी मात्र फसगत झाली: नाव सांगत नाही, पण 'व्हेजिटेरियन' म्हणून दिलेल्या भातात माशाचे तुकडे निघाले. त्यांनी लगेच पैसे परत केले.

माराकसला मी किंगफिशचा बेक खाल्ला आणि माडबन यांची आठवण काढली. कार्निव्हलच्या दोन दिवसांत मी एकटीच होते आणि अक्षरशः कॉर्न सूप, नारळपाणी आणि डबल्स यांवर राहिले. ॲरिएपिटा ॲव्हेन्यूवर सहकाऱ्यांबरोबर तीनदा जेवले, पण त्यातले काय खाल्ले ते आज आठवत नाही.

पाटावरवंटा

वाचून फार समाधान वाटले. आईंनी घरी आल्यावर यातले काही करून पाहिले का? दालपुरीत नेमकी कोणती डाळ घालतात, हरभऱ्याची की दुसरी? मी हरभऱ्याची घालून केली, तर पोळी लाटताना फुटली.

अनवट वाट

केली, परवाच. सेंट जेम्सच्या बाईंनी आईला दाखवले ते असे: पिवळ्या वाटाण्याची सोललेली डाळ घ्यायची, हळद घालून उकळायची आणि दाणा बोटाने चिरडेल पण लगदा होणार नाही एवढीच शिजवायची. सगळे पाणी निथळून, पूर्ण गार झाल्यावर कोरडीच वाटायची. भाजलेले जिरे, लसूण आणि मीठ त्यातच. पुरण रव्यासारखे सुटे असले पाहिजे, आपल्या पुरणासारखे गोळा होता कामा नये. तुमची पोळी बहुधा ओलाव्यामुळे फुटली असावी. कणीक मैद्याची, नेहमीपेक्षा सैल, आणि भरल्यावर अर्धा तास झाकून ठेवायची. शाडो बेनी इथे मिळाली नाही, म्हणून आईने कोथिंबिरीचे देठ घातले.